खनिज जमिनीत आहे, पण चुंबक कुठाय?

चीनने एप्रिल 2025 मध्ये रेअर अर्थ, म्हणजे दुर्मीळ मृदा, गटातल्या सात मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली, आणि तिची झळ पुण्यापर्यंत पोचायला फार दिवस लागले नाहीत. विजेवर चालणाऱ्या दुचाकीच्या मोटरमध्ये काही शे ग्रॅम चुंबक लागतो. गाडीच्या किमतीत त्याचा वाटा नगण्य. पण तो नसेल तर मोटर फिरत नाही, आणि बाकी सगळी गाडी तयार असूनही कारखान्याबाहेर पडत नाही. ऑगस्ट महिना विजेच्या गाड्यांसाठी शून्य उत्पादनाचा ठरू शकतो, असं बजाज ऑटोच्या राजीव बजाज यांनी जुलैत उघडपणे सांगितलं. तेव्हापासून आपल्याकडे या विषयावर बरीच चर्चा झाली. ती चुकीच्या रुळावरून चालली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

चर्चेत दोन बाजू दिसतात. एक म्हणते, रेअर अर्थच्या साठ्यात आपण जगात तिसरे आहोत, केरळपासून ओडिशापर्यंतचा किनारा या वाळूने भरलेला आहे. मग चीनपुढे हात का पसरायचा? खाणी खोला, परवाने द्या, प्रश्न मिटला. दुसरी म्हणते, विजेच्या गाड्या आणि पवनचक्क्या हाच मुळात सापळा आहे; आखाती तेलाच्या गुलामीतून सुटून चिनी खनिजाच्या गुलामीत जायचं, यात शहाणपणा कसला? दोन्ही बाजू एकमेकींवर तुटून पडतात, पण दोघींचं गृहीतक एकच आहे: ज्याच्या जमिनीत खनिज, त्याच्या हातात पुरवठा. हे गृहीतकच इतिहासात वारंवार खोटं ठरलं आहे. पुरवठा त्याच्या हातात असतो, ज्याला ते खनिज शुद्ध करता येतं, कमीत कमी वापरता येतं आणि वेळ पडली तर त्याच्यावाचून काम भागवता येतं. या तिन्ही गोष्टी संशोधनाने येतात. आणि ते संशोधन टंचाई नसताना, भाव पडलेले असताना, कुणाचं लक्ष नसताना चालू ठेवावं लागतं. आपण नेमकं तेच करत आलेलो नाही.

साठ्याचा मुद्दा खरा आहे, तो आधी मान्य करू. अणुऊर्जा खात्याच्या खनिज संचालनालयाच्या अंदाजानुसार आपल्या वाळूत 1 कोटी 30 लाख टनांच्या आसपास मोनॅझाइट हे रेअर अर्थ असलेलं खनिज आहे आणि त्यात 72 लाख टनांहून जास्त रेअर अर्थ ऑक्साइड. एवढ्या साठ्यावर बसून आपण वर्षाला काढतो जेमतेम 2,900 टन. चीन 2024 मध्ये 2 लाख 70 हजार टनांवर होता. हा फरक निव्वळ सरकारी आळसाचा किंवा परवान्यांच्या लाल फितीचा असता, तर तो एका अध्यादेशाने दूर झाला असता. पण वाळू आणि चुंबक यांच्यामध्ये जे रसायनशास्त्र उभं आहे, ते अध्यादेशाने हटत नाही.

ते काय आहे हे जरा जवळून पाहायला हवं, कारण सगळा वाद तिथेच निकाली निघतो. मोनॅझाइटमध्ये ही मूलद्रव्यं एकटीदुकटी नसतात; लँथेनम, सिरियम, प्रासिओडिमियम, नियोडिमियम, सगळी एकमेकांत मिसळलेली असतात, वर किरणोत्सर्गी थोरियमही असतो. रासायनिक वागणुकीत ती इतकी सारखी की एखाद्या प्रक्रियेने एकाला पकडावं तर शेजारचंही हाताला लागतं. म्हणून आम्लात विरघळवलेला माल आणि एक विशिष्ट सेंद्रिय द्रावक एकत्र घुसळतात, मग तो स्थिर होऊ देतात. वरच्या थरात एक मूलद्रव्य किंचित जास्त जातं, खालच्या थरात दुसरं किंचित जास्त उरतं. मग तेच पुढच्या टाकीत. पुन्हा पुढच्या. अशा शेकडो टाक्यांची रांग लागते, एका टोकाने माल शिरतो आणि शुद्ध नियोडिमियम दुसऱ्या टोकाला यायला आठवडे जातात. मधल्या एका टाकीत आम्लाचं प्रमाण जरा ढळलं, तर सगळ्या रांगेचा तोल जातो. हे झाल्यावर ऑक्साइडचा धातू करायचा, धातूचा मिश्रधातू, मिश्रधातूची तीन ते पाच मायक्रॉनची भुकटी, जी हवा लागली तर पेट घेते. ती चुंबकीय क्षेत्रात एका दिशेला लावून दाबायची, हजार अंशांच्या वर भाजायची, कापायची, वर निकेलचा मुलामा द्यायचा. तेव्हा कुठे मोटरमध्ये बसेल असा चुंबक होतो. यातली प्रत्येक पायरी पुस्तकात छापलेली आहे, आणि तरीही पुस्तक वाचून ती कुणाला साधलेली नाही.

चीनला ती साधली याचं कारण इनर मंगोलियातल्या बायान ओबोची खाण, असं सांगितलं जातं. ती खाण होतीच. पण पेकिंग विद्यापीठातल्या शू ग्वांगश्येन या रसायनशास्त्रज्ञाकडे 1972 मध्ये प्रासिओडिमियम आणि नियोडिमियम वेगळं करण्याचं काम आलं, तेव्हा चीन सांस्कृतिक क्रांतीने पोळलेला गरीब देश होता आणि या दोन मूलद्रव्यांना बाजारात फारसं कुणी विचारत नव्हतं. शू यांनी त्या टाक्यांच्या रांगेचं गणित बसवलं. किती टाक्या लागतील, कुठल्या टाकीत किती द्रावक, हे आधीच हिशेबाने ठरवता येऊ लागलं आणि वर्षानुवर्षांची चाचपणी वाचली. मग त्यांनी ते गणित देशभरच्या कारखान्यांतल्या अभियंत्यांना वर्ग घेऊन शिकवलं. बाओटोऊची रेअर अर्थ संशोधन संस्था तर त्याच्याही आधीची, 1963 ची. नव्वदच्या दशकात चिनी मालाने जगाचे भाव पाडले, त्यामागे स्वस्त मजुरी होती, पर्यावरणाची बेपर्वाई होती, पण त्या दोन्ही गोष्टी आणखी पन्नास देशांकडे होत्या. शू यांचं गणित फक्त चीनकडे होतं.

हे चीनला स्वतःला पक्कं ठाऊक आहे. डिसेंबर 2023 मध्ये त्याने रेअर अर्थ वेगळं करण्याच्या आणि चुंबक बनवण्याच्या तंत्रज्ञानाची निर्यात बंद केली, म्हणजे मालावर परवान्याची अट येण्याच्या सव्वा वर्ष आधी ज्ञानाला कुलूप लागलं होतं. आणि खनिजाचं म्हणाल, तर गाडीच्या मोटरला उष्णतेत टिकवणारं डिस्प्रोसियम ज्या मातीतून येतं, तिचा मोठा हिस्सा आज चीनमध्ये नाही, म्यानमारच्या काचिन प्रांतात आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये तिथल्या बंडखोर सैन्याने पांगवाचा खाणपट्टा ताब्यात घेतला, तेव्हा चीनच्याच शुद्धीकरण कारखान्यांची धावपळ उडाली. म्हणजे या खनिजात चीनही परावलंबी आहे. मग काचिनला जग का घाबरत नाही? साठा म्हणजे सत्ता असती, तर वाहन कंपन्यांचे अधिकारी बीजिंगऐवजी पांगवाच्या वाऱ्या करताना दिसले असते.

साठा अडवून धरण्याचा प्रयोग आपणही करून पाहिला आहे, हे आज बहुतेकांच्या गावीही नाही. त्रावणकोरच्या मोनॅझाइटवर जगाचा डोळा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होता, तेव्हा गॅसबत्तीच्या मँटलसाठी थोरियम लागायचा. पुढे अणुयुग आलं आणि भारताने कच्चं मोनॅझाइट बाहेर जाऊ देणं बंद केलं. 1951 मध्ये देशात धान्याची तीव्र टंचाई असताना अमेरिकेकडून गहू घेण्याचं चाललं होतं, आणि त्या बदल्यात मोनॅझाइट मिळावं असा आग्रह अमेरिकी काँग्रेसमध्ये धरला गेला. नेहरूंनी तो मानला नाही. भुकेच्या वर्षात हा नकार द्यायला मोठी हिंमत लागली असणार, आणि कच्चा माल न विकता त्यावर इथेच प्रक्रिया करायची हे धोरणही बरोबर होतं. 1950 मध्ये इंडियन रेअर अर्थ्‌स स्थापन झाली, 1952 मध्ये अलुवाचा कारखाना सुरू झाला. चीनमधली बाओटोऊची संस्था अजून अकरा वर्षं दूर होती! आणि अमेरिकेचं काय झालं? कॅलिफोर्नियात 1949 मध्ये सापडलेली माउंटन पासची खाण 1952 मध्ये सुरू झाली आणि अमेरिकेची रेअर अर्थची गरज भागली.

मग एवढी आघाडी आपण घालवली कशी? आपलं सगळं लक्ष मोनॅझाइटमधल्या थोरियमवर होतं. होमी भाभांच्या तीन टप्प्यांच्या अणुकार्यक्रमात तो भविष्याचा इंधनसाठा होता, आणि रेअर अर्थ हा त्यातून निघणारा जोडमाल. सगळा विषय अणुऊर्जा खात्याच्या कुंपणाआड राहिला. मूलद्रव्यं वेगळी करण्याचं तंत्र आपल्याकडे आलं, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आणि हैदराबादच्या संरक्षण प्रयोगशाळेत चुंबकावरही चांगलं काम झालं, पण ते दारूगोळ्याच्या आणि अणुभट्टीच्या गरजेपुरतं. बाजारात विकला जाईल असा चुंबक करायचा, त्याचा किलोमागचा खर्च दरवर्षी कमी करत न्यायचा, हे कुणाचंच काम नव्हतं. चिनी स्वस्ताईपुढे 2004 मध्ये आपण मोनॅझाइटवरची प्रक्रियाच थांबवली, ती पुन्हा नीट सुरू व्हायला दशकभर गेलं. त्या दहा वर्षांत जे तंत्रज्ञ निवृत्त झाले, त्यांच्या हातातलं कसब कुठल्या फायलीत उतरवून ठेवता आलं असेल?

आणखी मागे गेलं, तर साठ्याच्या भरवशाची किंमत आपल्याच शेतकऱ्याने मोजली आहे. एकोणिसाव्या शतकात जगाला नीळ पुरवणारा देश म्हणजे हिंदुस्थान. जमीन आपली, पीक आपलं, जवळजवळ मक्तेदारी आपली. जर्मनीत रसायनशास्त्रज्ञ बायर यांनी 1880 मध्ये प्रयोगशाळेत नीळ तयार करून दाखवली, पण ती बाजारभावात बसेना. बीएएसएफ कंपनीने मग सतरा वर्षं चिकाटीने पैसा ओतला आणि 1897 मध्ये कृत्रिम नीळ विक्रीला आणली. पुढच्या दीड दशकात आपली निर्यात कोसळली. चंपारणच्या मळेवाल्यांनी आपला तोटा रयतेवर ढकलला, नीळ पिकवण्याच्या सक्तीतून सुटण्यासाठी वाढीव खंड किंवा रोख रक्कम वसूल केली, आणि 1917 मध्ये गांधीजी तिथे पोचले त्याला हीच पार्श्वभूमी होती. ऱ्हाइनकाठच्या रसायनशास्त्रज्ञांनी बिहारमध्ये एक बिघाही जमीन घेतली नव्हती.

आता माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात जड आक्षेप. संशोधनाला वीस वर्षं लागतात, टंचाई आज आहे. आणि संशोधन करणाऱ्यालाच त्याचं फळ मिळतं असंही नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. नियोडिमियमच्या चुंबकाचीच गोष्ट घ्या. 1978 मध्ये झाईरच्या (आजच्या काँगोच्या) शाबा प्रांतात बंडखोर घुसले, कोबाल्टचा पुरवठा विस्कळीत झाला, भाव अनेक पटींनी उसळले. तेव्हाचे सर्वोत्तम चुंबक समेरियम-कोबाल्टचे होते. कोबाल्टशिवाय चुंबक करता येईल का, या शोधाला त्यामुळे जोर चढला, आणि 1983 मध्ये जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्सचे जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे नियोडिमियम, लोह आणि बोरॉनचा चुंबक जाहीर केला. कोबाल्टच्या टंचाईने कोबाल्टच अनावश्यक करून टाकला. पण जनरल मोटर्सने याच चुंबकांसाठी उभी केलेली मॅग्नेक्वेंच कंपनी 1995 मध्ये विकली गेली, घेणाऱ्यांत चिनी कंपन्या होत्या, आणि काही वर्षांत अमेरिकेतलं उत्पादन आवरून चीनला गेलं. लोह-फॉस्फेटच्या बॅटरीचंही तसंच. निकेल आणि कोबाल्ट दोन्ही टाळणारी ही रचना 1996-97 च्या सुमारास टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने पुढे आणली. आज विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांच्या जगभरच्या बाजारात जवळपास निम्मा वाटा तिचा आहे, आणि ती बनवतो मुख्यतः चीन. मग टेक्सासला काय मिळालं?

हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. पण त्यातून निघणारा निष्कर्ष संशोधन सोडा असा नसून, संशोधन अर्ध्यावर सोडू नका असा आहे. प्रयोगशाळेत दहा ग्रॅम झालं की शोधनिबंध छापून येतो. कारखान्याला दहा टन लागतात. या दोन्हींच्या मधला टप्पा म्हणजे पायलट प्लांट, जिथे दिवसाला काही किलो माल काढून, बिघडवून, पुन्हा काढून प्रक्रिया पक्की केली जाते. तिथे निबंधही निघत नाही आणि नफाही होत नाही, म्हणून विद्यापीठाला तो नको असतो आणि कंपनीलाही. अमेरिकेने नव्वदच्या दशकात हा मधला टप्पा बाजारावर सोडला, बाजाराने तो विकून टाकला. चीनने तो सरकारच्या खर्चाने धरून ठेवला.

हे लोकशाही देशालाही जमतं, याचा पुरावा जपानने दिला आहे. 2010 मध्ये सेनकाकू बेटांजवळ चिनी मासेमारी बोटीच्या टकरीवरून तंटा झाला आणि जपानकडे येणारं रेअर अर्थ अडलं. आपल्यावर 2025 मध्ये आली ती वेळ जपानवर पंधरा वर्षं आधी आली होती, आणि त्याच्याकडे आपल्यासारखी मोनॅझाइटची वाळूही नव्हती. जपानने 2011 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लिनास कंपनीत सरकारी संस्थेमार्फत पैसा घातला, आणि पुढे भाव कोसळून लिनास बुडायची वेळ आली तरी तो काढून घेतला नाही. दुसरीकडे चुंबकातलं डिस्प्रोसियम कमी करण्यावर मेहनत घेतली. हे मूलद्रव्य चुंबकाच्या सगळ्या अंगात मिसळण्याची गरज नसते, त्याच्या सूक्ष्म कणांच्या कडांना ते पोचलं तरी उष्णतेत चुंबक टिकतो, हे ओळखून जपानी कंपन्यांनी ते फक्त कडांमध्ये जिरवण्याचं तंत्र कारखान्यात आणलं. थोडक्या डिस्प्रोसियममध्ये काम भागू लागलं. 2016 मध्ये होंडा आणि दाइदो स्टीलने तर डिस्प्रोसियमसारखं जड रेअर अर्थ अजिबात नसलेला चुंबक हायब्रिड गाडीत बसवला. चीनवरचं जपानचं अवलंबित्व नव्वद टक्क्यांच्या आसपास होतं, ते साठच्या आसपास आलं. पूर्ण सुटका झाली नाही, हे खरं. पण साठ टक्क्यांवर कारखाना अडखळतो. नव्वदवर बंद पडतो. लिनासने मलेशियात डिस्प्रोसियम ऑक्साइड काढलं ते मे 2025 मध्ये, गुंतवणुकीनंतर चौदा वर्षांनी. चौदा वर्षं दम धरणारं एखादं खातं आपल्याकडे आहे का?

बाजारावर भिस्त ठेवणाऱ्यांचं म्हणणं असतं की भाव चढले की गुंतवणूक आपोआप येते. येते, आणि भाव पडले की तशीच जाते. 2010-11 च्या भाववाढीवर माउंटन पासची खाण पुन्हा उभी करणारी मॉलिकॉर्प कंपनी जून 2015 मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच खाणीच्या आजच्या मालकाला वाचवण्यासाठी जुलै 2025 मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याला किलोमागे 110 डॉलरचा हमीभाव द्यावा लागला. ऊस आणि कापसाच्या हमीभावावरून आपल्याला अर्थशास्त्राचे धडे देणाऱ्यांच्या देशात ही वेळ आली, याची नोंद घेतली पाहिजे. जिथे एकच विक्रेता मनाला येईल तेव्हा भाव पाडू शकतो, तिथे खुला बाजार असतोच कुठे?

आता दुसऱ्या बाजूकडे, जी म्हणते की स्वच्छ ऊर्जा हीच नवी गुलामी. तेलाशी ही तुलना बरोबरीची नाही. आपण कच्च्या तेलाच्या गरजेपैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त आयात करतो आणि जाळून टाकतो. जहाजं थांबली की रस्त्यावरची गाडी काही आठवड्यांत थांबते. चुंबक जळत नाही. चीनने उद्या एक ग्रॅमही दिला नाही, तरी आज फिरणारी पवनचक्की फिरत राहते, विकलेली स्कूटर धावत राहते. अडतं ते नवं उत्पादन. त्यामुळे पर्याय उभा करायला उसंत मिळते, आणि पंधरा वर्षांनी जुन्या मोटरमधला चुंबक परत हाती येतो. तेलाची आयात आपल्याला परत काय देते?

पण याच बाजूची एक गोष्ट मला मनापासून पटते, आणि खाण खोला म्हणणाऱ्यांनी ती ऐकायलाच हवी. केरळच्या कोल्लम जिल्ह्यातल्या आलप्पाड गावाने किनाऱ्यावरच्या वाळूउपशात आपली जमीन समुद्रात जाताना पाहिली आहे. तिथल्या मच्छीमारांचं आंदोलन 2018-19 मध्ये देशभर गाजलं. बाओटोऊजवळचा विषारी गाळाचा तलाव आणि काचिनचे आम्लाने पोखरलेले डोंगर हीही या स्वच्छ ऊर्जेचीच सावली आहे. पुण्यातल्या माझ्या स्वच्छ हवेसाठी आलप्पाडच्या कोळ्याने घर गमवावं, हे मला मान्य नाही. म्हणूनच कमी खनिजात काम भागवणारं संशोधन ही चैन नाही. डिस्प्रोसियम निम्म्यावर आलं तर काचिनमधला एखादा डोंगर वाचतो. चुंबकच नसलेली मोटर, जी बीएमडब्ल्यू आणि रेनॉ आपल्या गाड्यांत वापरतात, ती स्वस्त दुचाकीत बसवता आली तर वाळूचा प्रश्नच हलका होतो. हे काम चाकण-भोसरीच्या पट्ट्यात होण्यासारखं आहे, मोटरचं तांबं-पोलाद कळणारी माणसं तिथे आहेत.

सरकारने काहीच केलेलं नाही, असं मी म्हणणार नाही. जानेवारी 2025 मध्ये 16,300 कोटींचं राष्ट्रीय क्रिटिकल मिनरल मिशन मंजूर झालं. आयआयटी मुंबई, भुवनेश्वरची आयएमएमटी, जमशेदपूरची एनएमएल यांसारख्या संस्थांना उत्कृष्टता केंद्रांचा दर्जा मिळाला. बॅटरी आणि ई-कचऱ्यातून खनिजं परत काढण्यासाठी 1,500 कोटींची योजना आली. दिशा बरोबर आहे. मोजमाप मात्र खटकतं. मिशनपुढे 1,000 पेटंटचं उद्दिष्ट आहे. पेटंट घेतल्याने चुंबक होत नाही. पायलट प्लांटवर दिवसाला किती किलो, किती शुद्धतेचा, किती खर्चात निघाला, हे मोजा. आणि खाणींचा टाकाऊ माल, औष्णिक केंद्रांची राख, अॅल्युमिनियम कारखान्यांचा लाल चिखल यांतून खनिजं काढून पाहण्याच्या पायलट प्रकल्पांना किती ठेवले? 100 कोटी. कोराडी आणि चंद्रपूरच्या राखेचे ढीग ज्यांनी पाहिले आहेत, लाल चिखलावर नागपूरच्या जेएनएआरडीडीसी या अॅल्युमिनियम संशोधन संस्थेमध्ये चाललेलं काम ज्यांना माहीत आहे, त्यांना ही रक्कम किती तोकडी आहे ते सांगावं लागणार नाही.

चुंबकांच्या योजनेचा हिशेबही मांडून पाहा. नोव्हेंबर 2025 मध्ये 7,280 कोटी मंजूर झाले, वर्षाला 6,000 टन चुंबकांची क्षमता उभारायची. चुंबकात वजनाने साधारण तीस टक्के रेअर अर्थ असतं, म्हणजे दोन हजार टनांच्या जवळपास धातू लागणार. आयआरईएलचं, म्हणजे पूर्वीच्या इंडियन रेअर अर्थ्‌सचं, नियोडिमियमचं उत्पादन आज 500 टनांच्या आतबाहेर. डिस्प्रोसियम तर आपल्या मोनॅझाइटमध्ये काढण्याजोगं जवळजवळ नाहीच. शिवाय अनुदानाचा मोठा वाटा, 6,450 कोटी, विकलेल्या मालावर पाच वर्षं मिळणार. सहाव्या वर्षी चीनने भाव पाडले तर हे कारखाने कशाच्या बळावर टिकणार? कमी खर्चाची प्रक्रिया, कमी डिस्प्रोसियमची रचना, स्वतःची यंत्रं, यातलं काही तोवर हातात नसेल, तर 2004 ची पुनरावृत्ती ठरलेली आहे.

साठ्याच्या जयघोषाचं सगळ्यात ठळक उदाहरण जम्मूतल्या रियासीचं. फेब्रुवारी 2023 मध्ये 59 लाख टनांच्या लिथियम साठ्याची घोषणा झाली, वाहिन्यांनी भारत बॅटरीचा सौदी अरेबिया होणार म्हणून सांगितलं. तो अंदाज प्राथमिक पातळीवरचा होता, आणि लिथियम ज्या प्रकारच्या मातकट खडकात आहे, त्यातून ते परवडेल अशा खर्चात काढण्याची पद्धत अजून कुणाकडे रुळलेली नाही. लिलावाला पुरेसे बोलीदारही आले नाहीत. याउलट डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या केपीआयटी कंपनीने आयसर पुणेच्या सतीशचंद्र ओगले यांच्या गटाबरोबर वर्षानुवर्षं केलेल्या कामातून सोडियम-आयन बॅटरीचं तंत्रज्ञान जाहीर केलं. सोडियम मिठात असतं, त्यासाठी कुणाच्या डोंगराला हात लावायला नको. या बॅटरीत वजनामागे ऊर्जा कमी मावते, त्यामुळे लांब पल्ल्याच्या गाडीत ती लिथियमची जागा घेईल असं नाही. पण सौरविजेच्या साठवणीला आणि शहरातल्या तीनचाकीला वजनाची एवढी फिकीर नसते. रियासीच्या बातमीला जेवढा वेळ मिळाला, त्याच्या शंभराव्या हिश्शानेही पुण्याच्या या कामाला मिळाला नाही.

देशाच्या एकूण उत्पन्नापैकी 0.64 टक्के आपण संशोधनावर खर्च करतो, चीन अडीच टक्क्यांच्या घरात आहे. ही दरी एका मिशनने बुजणार नाही. पण निदान या एका क्षेत्रात मधला टप्पा पंधरा वर्षं सलग पोसायचा, असं ठरवता येईल: दोन-तीन ठिकाणी सरकारी पायलट प्लांट, जिथे भोसरीचा लहान कारखानदार आपला मिश्रधातू घेऊन जाऊन चुंबक करून पाहू शकेल, रेल्वे, संरक्षण आणि सरकारी पवनऊर्जा प्रकल्पांकडून तिथल्या मालाच्या खरेदीची लेखी हमी, आणि मूलद्रव्यं वेगळी करण्याच्या रसायनशास्त्रात पीएचडी करणाऱ्या मुलामुलींना त्याच विषयात नोकरी. भाव पडले म्हणून यातलं काही बंद होणार नाही, हे आधीच लिहून ठेवायचं.

ऑक्टोबर 2025 मध्ये चीनने निर्बंध आणखी वाढवले आणि नोव्हेंबरमध्ये ते वाढीव निर्बंध वर्षभरासाठी स्थगित केले. एप्रिलची परवान्याची अट तशीच आहे, पण ओरड थांबली आहे, आणि ओरड थांबली की मंत्रालयांच्या बैठकाही थांबतात. तहान भागल्यासारखी वाटत असतानाच विहीर खणायची असते. तेव्हा या उसंतीच्या काळात उत्कृष्टता केंद्रांचा दर्जा मिळालेल्या संस्थांना प्रत्यक्षात किती पैसे पोचले, किती माणसं नेमली गेली, किती पायलट प्लांट चालू झाले आणि त्यांतून किती किलो माल निघाला, हे महाराष्ट्राच्या खासदारांनी संसदेत तारांकित प्रश्न टाकून विचारावं. गाडीनिर्मितीचा एवढा मोठा पसारा ज्या राज्यात आहे, त्याच्या प्रतिनिधींचा हा पहिला हक्क आहे.